मांजरांचें प्रदर्शन आणि नवा पैदासकार

आपल्या मराठी घरांत मांजर विकत आणण्याची चाल मुळीं नव्हती. मांजर आपण होऊन येई. कोठल्या तरी पावसाळ्यांत पोटांत पिलें घेऊन तें माळ्यावर चढे, पिलांना तोंडांत धरून सात घरें हिंडवी, आणि त्यांतलें एखादें स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं ठाण मांडून बसे. त्याची जात कोणी विचारीत नसे आणि आपलें कुळ सांगण्याची त्यालाहि गरज वाटत नसे. उंदीर मारणें हें त्याचें काम आणि वाटीभर दूध ही त्याची मजुरी. एवढ्या करारावर पिढ्यान्‌पिढ्या संसार चालले.

हा करार आतां शहरांत बदलला आहे. मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडच्या कांठावर, मिरा-भाईंदर हें शहर आहे. मिठागरें, भातखाचरें आणि कोळीवाडे यांच्या या मुलखांत आगगाडीच्या दोन्ही बाजूंस इमारतींची दाटी होत गेली आणि २००२ सालीं तेथें महानगरपालिका स्थापन झाली. त्या इमारतींच्या सातव्या-आठव्या मजल्यावर आज अशीं मांजरें राहतात कीं ज्यांच्या पायाला जन्मांत माती लागलेली नसते. कोणी पर्शियन, कोणी मेन कून, कोणी ब्रिटिश शॉर्टहेअर. अशा घरांत हौसेनें एक जोडी पाळली जाते. वर्षाच्या आंत पिलें होतात. शेजारींपाजारीं त्यांची मागणी होते. कोणी तरी पैसे देऊं करतो. आणि स्वत:ला नीटसें ठाऊकहि नसतां घरधनी मांजरांचा पैदासकार बनून जातो.

मग त्याच्या कानावर येतें कीं मांजरांचीं प्रदर्शनें भरतात, तेथें परीक्षक येतात, फिती आणि करंडक मिळतात. आपणहि आपलें मांजर न्यावें काय, असा प्रश्न त्याला पडतो. एक मित्र सांगतो, हा सारा डामडौल आहे. मुक्या जिवाला उगाच छळूं नका. दुसरा सांगतो, एकदां करंडक मिळूं द्या, म्हणजे पिलांची किंमत दुप्पट होईल. आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे.

माझें उत्तर आरंभींच सांगून टाकतों. नव्या पैदासकारानें आपलें मांजर प्रदर्शनांत अवश्य न्यावें, आणि पैदास वाढविण्यापूर्वी न्यावें. परंतु तेथें जाण्याचा हेतु आपली पारख दुसऱ्याकडून तपासून घेणें हा असावा. शिवाय परीक्षकाच्या डोळ्यांना जें दिसूंच शकत नाहीं, तें आधीं पाहून घेण्याचें काम त्यानें स्वत: केलेलें असावें. या दोन अटींपैकीं एक जरी सुटली, तरी प्रदर्शनापासून हित होण्याऐवजीं अहितच व्हावयाचें. असें मी कां म्हणतों, तें आतां क्रमानें पाहूं.

या प्रश्नाचें वय प्रदर्शनांच्या वयाइतकेंच आहे. १३ जुलै १८७१ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें हॅरिसन वेअर या चित्रकारानें मांजरांचें पहिलें मोठें प्रदर्शन भरविलें. प्राण्यांचीं चित्रें काढण्यांत हयात घालविलेल्या या गृहस्थाचा हेतु साधा होता. चुलीपाशीं पडून राहणाऱ्या आणि येतां-जातां लाथा खाणाऱ्या या प्राण्याकडे लोकांनीं आदरानें पाहावें, एवढेंच त्याला हवें होतें. दीडशेंहून अधिक मांजरें तेथें आलीं आणि त्यांना पाहण्यासाठीं लोकांची झुंबड उडाली. कोणत्या जातीचीं कोणतीं लक्षणें उत्तम मानावीं, हें वेअरनेंच लिहून काढलें होतें. पुढें १८८७ सालीं तेथें नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला, तेव्हां त्याचा पहिला अध्यक्षहि तोच होता. परंतु थोड्याच वर्षांत तो त्या पदावरून दूर झाला. सभासदांना मांजरांच्या कल्याणापेक्षां पदकांचा हव्यास अधिक आहे, अशी त्याची तक्रार होती. ज्यानें प्रदर्शनाचें झाड लावलें, त्यालाच त्याच्या फळाचा कडवटपणा पहिल्यानें कळला. आज ज्याला प्रदर्शनाची ओढ वाटते त्यानें ही हकीकत विसरूं नये, आणि ज्याला त्याचा तिटकारा आहे त्यानें वेअरचा मूळ हेतुहि विसरूं नये.

पुढें अमेरिकेंत १९०६ सालीं आणि ब्रिटनमध्यें १९१० सालीं मांजरांच्या वंशाची नोंद ठेवणाऱ्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. नोंदवही आणि प्रदर्शन हीं तेव्हांपासून एकाच गाड्याचीं दोन चाकें झालीं. आईबाप, आजा-पणजा कोण हें नोंदवहीनें सांगावें, आणि त्या वंशांत उतरलेलें रूप जातीच्या लक्षणांना धरून आहे कीं नाहीं हें प्रदर्शनानें सांगावें, अशी ही वांटणी आहे. आपल्याकडे मुंबईच्या फेलाइन क्लब ऑफ इंडिया या संस्थेनें वर्ल्ड कॅट फेडरेशन या आंतरराष्ट्रीय संघाशीं संबंध जोडून अशीं प्रदर्शनें भरविलीं आहेत. तेव्हां भाईंदरच्या रहिवाशाला याकरितां विलायत गांठण्याचें कारण नाहीं.

प्रदर्शनांत प्रत्यक्ष काय होतें, हें न पाहिलेल्यांस थोडक्यांत सांगतों. पुष्कळांची कल्पना अशी असते कीं परीक्षक मांजरें ओळीनें पाहतो आणि जें त्याच्या मनास भावेल त्याला फीत बांधतो. वास्तविक प्रत्येक जातीचा एक लेखी लक्षणपट असतो, आणि परीक्षकानें मांजराची तुलना प्रथम त्या लक्षणपटाशीं करावयाची असते. तो मांजराला मेजावर घेतो, डोक्याचा आकार हातानें चांचपतो, जबडा पाहतो, शेपटीवरून शेवटच्या मणक्यापर्यंत बोट फिरवितो, केसांचा पोत तपासतो, आणि परक्या हातांत मांजर कसें वागतें हेंहि ध्यानांत घेतो. अमेरिकन पद्धतींत तो आपलें मत तेथेंच बोलून दाखवितो. युरोपीय पद्धतींत प्रत्येक मांजराचा लेखी अभिप्राय देतो. जुन्या ब्रिटिश पद्धतींत तर मांजर कोणाचें हें कळूं नये म्हणून पिंजऱ्यांतलें अंथरूण, पाण्याचें भांडें आणि मातीची थाळी हीं सारीं पांढरींच ठेवावीं लागत.

लक्षणपटांत गुणांची वांटणी कशी असते, याचें एक उदाहरण घेऊं. अमेरिकेच्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन या संस्थेनें पर्शियन मांजराच्या १०० गुणांपैकीं डोक्याला ३०, शरीराच्या घडणीला २०, रंगाला २०, डोळ्यांच्या रंगाला १०, आणि समतोल व नाजूकपणा यांना प्रत्येकीं ५ गुण ठेविले आहेत. अंगावरच्या लोकरीला राहतात अवघे १०. आतां आपल्या बाजारांत पर्शियन पिलाची जाहिरात कशी होते तें आठवा. हें ‘ट्रिपल कोट’, हें ‘पंच फेस’, हें ‘डॉल फेस’ असे शब्द विक्रेत्यांच्या तोंडीं असतात आणि त्यांवर भाव ठरतो. यांतला ‘ट्रिपल कोट’ हा शब्द त्या लक्षणपटांत कोठेंच सांपडत नाहीं. जी गोष्ट शंभरांत दहा गुणांची, तिच्या एका काल्पनिक प्रकारासाठीं नवखा मनुष्य आपली थैली रिकामी करतो आणि शरीराची घडण पाहावयाचें विसरतो. एक दिवस प्रदर्शनांत उभें राहून परीक्षकाचें बोलणें ऐकलें, तरी हा भ्रम फिटतो. केवळ एवढ्यासाठींच नव्या माणसानें तेथें जावें, असें मला वाटतें.

याहून मोठा लाभ दुसरा आहे. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, ही म्हण आपल्याकडे उगाच झालेली नाहीं. घरांत लाडानें वाढलेलें मांजर घरच्यांना सर्वांत सुंदर वाटतें आणि तें तसें वाटलेंच पाहिजे. परंतु लाड करण्यासाठीं जो डोळा लागतो, तो वंश वाढविण्यासाठीं उपयोगाचा नाहीं. शेपटींतली एखादी बारीक गांठ, वरखालच्या दांतांचा न जुळणारा मेळ, बोक्याचें एकच अंड खालीं उतरलेलें असणें, हीं व्यंगें घरच्या माणसांच्या दृष्टीस वर्षानुवर्षें पडत नाहींत. परीक्षकाच्या हाताला तीं क्षणांत लागतात. अशा मांजरानें घरांत सुखानें राहावें, परंतु त्याची पैदास करूं नये, एवढा सल्ला वेळेवर मिळाला तर पुढच्या पिढ्यांतलें दु:ख टळतें. शिवाय तेथें त्याच जातीचीं आणखी मांजरें आणि तीं वीस-वीस वर्षें पाळणारीं माणसें भेटतात. कोणाच्या बोक्याशीं संबंध जुळवावा, कोणाच्या नोंदी खऱ्या आहेत, विण्याच्या वेळीं अडचण आली तर काय करावें, हें ज्ञान पुस्तकांपेक्षां अशा माणसांच्या संगतींत अधिक मिळतें.

येथपर्यंत प्रदर्शनाची बाजू झाली. आतां दुसरी बाजू पाहूं, आणि श्रोत्यांनीं ही बाजू विशेष लक्षपूर्वक ऐकावी अशी माझी विनंती आहे; कारण मांजराचा जीव आणि विकत घेणाऱ्याचा विश्वास हीं दोन्ही हिच्यावर अवलंबून आहेत.

परीक्षकाला रूप दिसतें. मूत्रपिंड दिसत नाहीं. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडांत पाण्याचे फोड होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. त्याचें कारण असलेला जनुकांतील दोष २००४ सालीं शोधला गेला. त्याच्या आसपासच्या वर्षांत निरनिराळ्या देशांत ज्या पाहण्या झाल्या, त्यांत पर्शियन मांजरांपैकीं तिसरा हिस्सा किंवा त्याहूनहि अधिक मांजरें या रोगानें ग्रस्त आढळलीं. हा दोष आई किंवा बाप यांपैकीं एकाकडून आला तरी पुरतो. म्हणजे एक दोषी बोका आणि एक निर्दोष मांजरी यांच्या पिलांपैकीं सरासरीनें निम्मीं दोषी निघतात. फोड जन्मापासून असतात, पण हळूहळू वाढतात. तहान वाढणें, वजन उतरणें, अन्नावरची वासना जाणें हीं लक्षणें बहुधा सातव्या वर्षाच्या सुमारास दिसूं लागतात.

या सात वर्षांचा अर्थ काय होतो, त्याचा विचार करा. एका देखण्या बोक्याला दुसऱ्या वर्षीं करंडक मिळाला. त्याची कीर्ति झाली आणि ठिकठिकाणच्या मांजरी त्याच्याकडे येऊं लागल्या. समजा, पांच वर्षांत त्याचीं ऐंशीं पिलें झालीं. तो आजारी पडेल त्या वेळीं त्यांपैकीं चाळीस पिलें तोच रोग पोटांत घेऊन चाळीस घरांत खेळत असतील, आणि त्यांतल्या कित्येकांना स्वत:चींहि पिलें झालेलीं असतील. ज्या मुलानें वाढदिवसाला मिळालेल्या पिलाला आपल्या अंथरुणांत घेतलें, त्याला तें कां मेलें हें कोणी सांगावें? त्या बोक्याचा करंडक खोटा नव्हता. परीक्षकानेंहि लबाडी केली नव्हती. मात्र रूपासाठीं दिलेली फीत आरोग्याचा दाखला म्हणून वापरली गेली, आणि अनर्थ तेथें झाला.

मूत्रपिंडाची ही गोष्ट एकटी नाहीं. मेन कून जातींत हृदयाचा स्नायु जाड होण्याचा रोग आढळतो. त्याच्याशीं निगडित असलेला एक जनुकदोष २००५ सालीं सांपडला; भर तारुण्यांत धडधाकट दिसणारें मांजर या रोगानें एकाएकीं दगावूं शकतें. ब्रिटिश शॉर्टहेअर जातींत ‘ब’ रक्तगटाचीं मांजरें पुष्कळ असतात. अशा मांजरीचा संबंध ‘अ’ गटाच्या बोक्याशीं झाला आणि पिलें ‘अ’ गटाचीं जन्मलीं, तर आईचें पहिलें दूधच त्यांना विषासारखें बाधतें, आणि चांगलीं टवटवीत पिलें एक-दोन दिवसांत पटापट मरतात. नवा पैदासकार दृष्ट लागली म्हणून कपाळाला हात लावतो. पण रक्ताचा एक थेंब आधीं तपासला असता तर हें टळलें असतें.

कांहीं वेळां तर रोग डोळ्यांना दिसतो आणि त्यालाच सौंदर्य मानलें जातें. १९६१ सालीं स्कॉटलंडमधील एका शेतावर पुढें दुमडलेल्या कानांची एक पांढरी मांजरी सांपडली. तिच्यापासून स्कॉटिश फोल्ड ही जात निघाली. कान दुमडतात याचें कारण कूर्चा सदोष असते. आणि सदोष कूर्चा एकट्या कानांतच कशी राहील? तीच पायांच्या व शेपटीच्या सांध्यांत असते आणि पुढें मांजराला चालणें, उडी मारणें दु:सह होतें. ब्रिटनच्या संस्थेनें १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभींच या जातीची नोंद थांबविली. तरीहि तिचें गोल घुबडासारखें तोंड जगाला मोहवीत राहिलें आणि आपल्या शहरांतहि तिला मागणी आहे. कोणत्याहि प्रदर्शनांत बक्षीस मिळालें तरी अशा मांजराची पैदास करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

पर्शियनच्या तोंडाचीहि अशीच कथा आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशानें १६२० च्या सुमारास इराणांतून लिहितांना खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांचें वर्णन केलें. हाच प्रवासी पुढें १६२३ सालीं सुरतेस उतरला आणि गोवा पाहून गेला. त्यानें वाखाणलेल्या मांजरांचा लौकिक रेशमी केसांचा होता; बसकट नाकाचा नव्हता. वेअरच्या काळच्या चित्रांतहि पर्शियनला चांगलें सरळ नाक असल्याचें दिसतें. नाक आंत जात जात डोळ्यांच्या रेषेंत आलें तें विसाव्या शतकांत, इंग्लंड-अमेरिकेंतल्या निवडीमुळें, आणि त्या निवडीला प्रदर्शनांतल्या बक्षिसांनीं खतपाणी घातलें. अति चपट्या तोंडाच्या मांजराचे डोळे सतत पाझरतात, श्वास घरघरतो, आणि मोठ्या डोक्याच्या पिलांमुळें मांजरी विण्याच्या वेळीं अडते. मुंबईच्या दमट उकाड्यांत अशा जिवाचे हाल किती होत असतील, हें वैशाखांत भाईंदरच्या बंद खोलींत राहणाऱ्यास निराळें सांगणें नलगे. म्हणून नव्या पैदासकारानें एक ध्यानांत ठेवावें. बक्षिसानें आजचें मांजर निवडलें जातें एवढेंच नव्हे, तर उद्यांचीं मांजरें कशीं असावींत हेंहि हळूहळू ठरतें. मालकांनीं मध्यम तोंडाचीं, मोकळा श्वास घेणारीं मांजरें मेजावर आणलींच नाहींत, तर परीक्षकापुढें निवड करावयाला उरेल काय? विचारी माणसांनीं प्रदर्शनांतून अंग काढून घेणें हा उपाय नव्हे, असें मी म्हणतों तें याच कारणासाठीं.

तिसरी गोष्ट संसर्गाची. जेथें पन्नास घरचीं मांजरें एका छपराखालीं येतात, तेथें पन्नास घरचे रोगहि येऊं शकतात. मांजरांच्या आंतड्यांवर हल्ला करणारा पॅनल्युकोपेनियाचा विषाणु फरशीवर, टोपलींत, कपड्यांवर वर्षभरहि टिकून राहतो आणि साध्या साबणाला दाद देत नाहीं. त्याला विरंजक द्रवच लागतो. सर्दीपडशाचे विषाणु शिंकेबरोबर पसरतात. गजकर्णासारखी बुरशी पावसाळ्याच्या ओलींत माणसांच्या मुलांनाहि चिकटते. यावर उपाय आहेत, पण ते आळस न करितां करावे लागतात. पिलांना सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरलेल्या अंतरानें लसी टोचून घ्याव्या. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर द्यावी. गाभण किंवा पाजत्या मांजरीला प्रदर्शनांत कदापि नेऊं नये, आणि घरांत लहान पिलें असतां दुसरें मांजरहि नेऊं नये. परत आलेल्या मांजराला दोन आठवडे निराळ्या खोलींत ठेवावें. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हें अवघड आहे, हें मी जाणतों. परंतु ज्याला एक खोली दोन आठवडे मोकळी ठेवतां येत नाहीं, त्यानें एकाच वेळीं दोन-तीन मांजरींचीं बाळंतपणें घरांत काढावीं काय, याचाहि विचार केलेला बरा.

आतां या साऱ्यावरून नव्या माणसानें कोणता क्रम धरावा, तें सांगतों.

पहिल्या प्रदर्शनाला रिकाम्या हातानें जावें. बरोबर फक्त वही न्यावी. आपल्या जातीच्या मेजाजवळ सकाळपासून बसावें आणि परीक्षक काय बोलतो तें टिपावें. परत येऊन लक्षणपट वाचावा आणि आपलें मांजर त्याच्याशेजारीं उभें करून जमेल तितक्या निष्ठुरपणें पाहावें.

नंतर पशुवैद्याकडे जावें. मुंबईंत परळला १८८६ सालीं सुरू झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच आवारांत बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. जवळपास खासगी वैद्यहि आहेत. गालाच्या आंतून कापसाच्या बोळ्यानें घेतलेल्या नमुन्यावरून जनुकदोष कोणत्याहि वयांत कळतो. मूत्रपिंडांतले फोड दहा महिन्यांनंतर ध्वनिलहरींच्या तपासणींत दिसतात. हृदयाची तपासणी मात्र पैदास चालू असेपर्यंत दरवर्षीं करावी, कारण ज्ञात जनुकदोष नसतांहि तो रोग होऊं शकतो. तपासणीच्या कागदावर मांजराच्या कातडीखालीं बसविलेल्या चिपचा पंधरा आंकडी क्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे एकाचा दाखला दुसऱ्याला लावण्यास जागा राहत नाहीं.

यानंतर एकच मांजर घेऊन प्रदर्शनाला जावें. अमेरिकन संघाच्या नियमांप्रमाणें चार महिन्यांपासून आठ महिन्यांपर्यंतच्या पिलांचा वर्ग निराळा असतो आणि खच्ची केलेल्या मांजरांचाहि निराळा असतो. शिकण्यासाठीं खच्ची केलेला शांत बोका नेणें सर्वांत चांगलें. त्याच्या निमित्तानें रीत कळते आणि पैदाशीचा मोह मध्यें येत नाहीं. त्याआधीं महिनाभर त्याला टोपलींत बसण्याची, परक्या हातांची आणि अंघोळीची संवय करावी. भाईंदरहून निघतांना गर्दीच्या वेळची लोकल टाळावी, आणि उन्हाळ्यांत दुपारचा प्रवास टाळावा. जें मांजर पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत अंग चोरून, डोळे विस्फारून बसतें, अन्नपाण्याला शिवत नाहीं, त्याला घरीं न्यावें आणि पुन: आणूं नये. त्याचा तो नकार आहे आणि तो मानला पाहिजे. पहिला मित्र जें छळाविषयीं बोलत होता, तें अशा मांजरापुरतें अगदीं खरें आहे.

आणि शेवटीं पैदास. परीक्षकाचा अभिप्राय चांगला, वैद्याचा दाखला चांगला, आणि होणाऱ्या पिलांना जन्मभर ठेवतील अशीं घरें माहीत असलेलीं. या तीनहि गोष्टी जुळल्या तरच. एक जरी नसली तरी आपलें मांजर खच्ची करून घ्यावें आणि त्याच्यावर पूर्वींइतकीच माया करावी. दुसऱ्या मित्रानें सांगितलेली दुप्पट किंमत या हिशेबांत कोठें बसते, असें कोणी विचारील. माझ्या मतें ती शेवटीं येते. आणि पुष्कळ वेळां, तपासण्यांचा व देखभालीचा खर्च वजा जातां, ती येतच नाहीं.

कायद्याचा येथें फारसा आधार नाहीं. २०१७ सालीं केंद्र सरकारनें पैदाशीसंबंधीं जे नियम केले ते कुत्र्यांपुरते आहेत. २०१८ चे नियम पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीं आहेत. बिऱ्हाडांत मांजरीला दर वर्षीं किती वेळां व्यावयास लावावें, याचा हिशेब विचारावयाला सहसा कोणी येत नाहीं. म्हणून तो हिशेब पैदासकारानें स्वत:लाच द्यावयाचा आहे.

जातां जातां ज्यांच्याजवळ वंशावळ नाहीं अशा मांजरांचीहि आठवण ठेवूं. उत्तनच्या कोळीवाड्यांत मासळीच्या वाळवणाभोवतीं फिरणारें पट्ट्यापट्ट्यांचें देशी मांजर या हवेंत शतकानुशतकें तावून-सुलाखून निघालेलें आहे. अनेक प्रदर्शनांत घरगुती मांजरांचा स्वतंत्र वर्ग असतो आणि त्यांत कुळ न विचारतां केवळ निगा, आरोग्य आणि स्वभाव पाहिला जातो. फेलाइन क्लब ऑफ इंडियानें तर भारतीय मांजराला ‘इंडिमाऊ’ या नांवानें जात म्हणून पुढें आणलें आहे. ज्याला प्रदर्शनाची हौस आहे आणि पैदाशीची जबाबदारी नको, त्यानें इमारतीच्या जिन्याखालून उचललेलें, लसी टोचलेलें, खच्ची केलेलें असें एखादें मांजर नेऊन पाहावें. चुलीजवळच्या त्या उपेक्षित प्राण्याला चारचौघांत मान मिळावा, हीच तर १८७१ सालीं वेअरची इच्छा होती. ती इच्छा मनांत ठेवून जो मांजर घेऊन जाईल, त्याला करंडक मिळो वा न मिळो, त्याच्या मांजराचें त्यांत नुकसान होणार नाहीं.